तिला रंगीत काचा आवडतात

नवं टेबल कारखान्याच्या दारात अडकलं, तेव्हा दोघा भावांचं खुणांनीच जोरदार भांडण झालं, आणि नेहमीप्रमाणे ते सोडवायला आत्याला बोलावणं आलं. मोठे दादा म्हणत होते, आडवं करून पाय आधी आत घाला. धाकटा म्हणत होता, सरळच जाईल, फक्त दाबा. दादांना जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि धाकट्याला जन्मापासून ऐकून घेता येत नव्हतं, असं आत्या या आपल्या दोन्ही भावांबद्दल गमतीने म्हणायची. टेबल शेवटी दादा म्हणाले तसंच आत गेलं.

रविवार असल्यामुळे कारखाना बंद होता. बर्नर थंड होते, काचेच्या नळ्या मांडणीवर लांबीप्रमाणे लावून ठेवल्या होत्या. धाकट्याने घरच्यांना दुपारच्या चहाला वरच्या घरातून खाली बोलावलं होतं, कारण टेबल त्याच्या मुलीसाठी होतं. ती जन्मली तेव्हा इतकी बारीक होती की दादांनी काचेची नळी उचलून दाखवली होती, आणि सोळा वर्षांची होऊन, दहावीला शाळेत पहिली येऊनही ती नळीच राहिली. काकांसारखंच तिलाही ऐकू येत नव्हतं. उद्यापासून या टेबलापाशी उभं राहून प्रयोगशाळांसाठी बनवलेले फ्लास्क आणि कंडेन्सर कागदात गुंडाळून खोक्यांत भरायचे, असं तिचं काम ठरलं होतं.

ठरवलं अर्थातच धाकट्याने. तीन आठवड्यांपूर्वी एका विज्ञान संस्थेचं पत्र आलं होतं. ज्यांना ऐकू येत नाही किंवा कमी येतं, अशा मुलामुलींसाठी संस्थेचं बारा दिवसांचं शिबिर होतं. खऱ्या प्रयोगशाळेत काम करायचं, संशोधकांना भेटायचं, आणि चांगलं काम करणाऱ्यांची शिफारस खुणांचे दुभाषी असलेल्या कॉलेजकडे व्हायची. नळीने या शिबिरासाठी वर्षभर देव पाण्यात घातले होते. कॉम्प्युटरवर मुलाखत झाली, नळीचं बोलणं आवाजात सांगायला शेजारी आत्या बसली, आणि मग पत्र आलं: ‘उमेदवाराची आवड प्राथमिक स्वरूपाची वाटते. घरापासून दूर राहण्याची तयारी दिसत नाही.’ नळी दोन दिवस खोलीबाहेर आली नाही. आत्याने तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि ‘मोठ्या लोकांचं असंच असतं’ अशी खूण केली.

त्या खुणेपासून आत्याला झोप नीट लागत नव्हती. पण ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं.

“बस ना गं, उभ्या उभ्या चहा काय पितेस?” धाकटा बायकोला म्हणाला. “आज मुलीचा पहिला दिवस समज.”

“पहिला दिवस उद्या आहे,” भावजय म्हणाली. “आणि तिचं तोंड बघितलंत का?”

“तोंडाचं काय? सवय होईल. दादाचं नाही झालं छान? आपल्या दादासारखा कंडेन्सर बनवतं का कोणी?”

“दादांना कोणी विचारलं होतं का कधी?”

नळी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत होती. तिने आत्याकडे बघून भुवया उंचावल्या: काय बोलताहेत? आत्याने तळहात खांद्यावरून मागे टाकल्यासारखा केला. म्हणजे नंतर. ही या घराची खूण होती. जेवताना नळीची खुर्ची नेहमी आत्यासमोर असायची, सगळे खो खो हसायचे, नळी विचारायची काय झालं, आणि आत्या घास गिळून म्हणायची, नंतर. त्यातलं नंतर कितीदा सांगितलं गेलं, ते एका हाताच्या बोटांवर मोजता आलं असतं.

या घरात आत्याला मान होता तो तिच्या हातांमुळे. लहानपणी दादांबरोबर खेळताखेळता तिने खुणा जमवल्या, मग दवाखान्यात, गिऱ्हाइकांपुढे, सगळीकडे तीच दादांचा आवाज झाली. नळी झाली तेव्हा दादांसाठी जमवलेलं सगळं तिने नळीला दिलं. नळीच्या शाळेत आयांसाठी शनिवारचा खुणांचा वर्ग निघाला होता. भावजय नाव घालायला निघाली, तर आत्या म्हणाली, “अगं, मी आहे ना! तू कशाला जिवाला त्रास करून घेतेस?” भावजय गप्प बसली आणि बारा वर्षं गप्पच राहिली.

तेवढ्यात दादांच्या कामाच्या जागेवरचा दिवा लागला.

दाराबाहेर त्या दिव्याचं बटण होतं, पण येणारे सगळे दार वाजवत, हाका मारत. बटण कोणी दाबत नसे. दादा चटकन उठले आणि जाऊन दार उघडलं. बाहेर पन्नाशीच्या, आखूड केसांच्या एक बाई उभ्या होत्या. त्यांनी आधी वरच्या दिव्याकडे बघितलं, बटणाकडे बघितलं, आणि दादांना हातानेच म्हणाल्या: छान आहे हे.

नळीच्या हातातून कप निसटता निसटता वाचला. हा चेहरा तिने शिबिराच्या माहितीपत्रकावर बघितला होता. तिने घाईघाईने आत्याला खुणा केल्या, आणि आत्याला त्यातल्या दोन कळल्या: शिबिर, आणि मोठी.

“शिबिराच्या मुख्य बाई आहेत,” आत्या म्हणाली. “त्यांनाही ऐकू येत नाही वाटतं.”

“मग आता कशाला आल्या?” धाकटा म्हणाला, आणि लगेच हात जोडून, तोंडभर हसून, “या, या, बसा!”

बाई बसल्या. त्यांनी सावकाश, घरच्यांना समजेल अशा बेताने हात हलवले. सगळ्यांची डोकी आत्याकडे वळली. बाईंच्या हातांमध्ये ‘मुलाखत’ होतं, ‘डोळे’ होतं, ‘आवाज नाही’ असं काहीतरी होतं. उरलेलं निसटून गेलं. बाईंनी ते ओळखलं असावं, कारण त्यांनी पिशवीतून एक कागद काढला आणि तो धाकट्याला न देता सरळ आत्याच्या हातात दिला.

वरच्या बाजूला सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं:

‘मुलाखतीच्या दिवशी मी आजारी होते. माझे सहकारी ऐकू येणारे आहेत, त्यांनी आवाजावरून टिपण केलं. मी सगळ्या मुलाखती नंतर एकदा चित्रफितीवर आवाजाशिवाय बघते. मला तसंच बघता येतं. तुमच्या भाचीची बघितली आणि आमचं टिपण तिच्या हातांशी जुळेना. ते आधी तुम्ही वाचावं असं मला वाटतं. मग घरात तुम्हीच सांगा. यादी उद्या बंद होते, पालकांची सही मला आज लागेल.’

खाली दोन रकाने होते. डावीकडे ‘हातांनी सांगितलेलं’, उजवीकडे ‘आवाजात सांगितलेलं’.

आत्याने वाचलं. तिने कागदाची घडी घातली, आणि तिचा हात आपोआप चहाच्या ट्रेकडे गेला. घडी ट्रेखाली सरकली.

“काय म्हणतात?” धाकट्याने विचारलं.

“काही नाही रे. वाईट वाटलं त्यांना. भेटायला आल्यात.”

“एवढ्या लांब? भल्या आहेत बिचाऱ्या.” धाकटा खुशीत आला. “त्यांना सांग, मुलीची सोय केलीय म्हणावं आम्ही. टेबल दाखव त्यांना.”

बाई ट्रेकडे बघत नव्हत्या. त्या घरच्यांच्या चेहऱ्यांकडे बघत होत्या, एकेक करून, शांतपणे. धाकटा हसत होता, भावजय पदार्थांच्या बशा पुढे सरकवत होती, कोणाच्या चेहऱ्यावर काही घडल्याची खूण नव्हती. मग त्यांनी आत्याकडे बघितलं. रागाने बघितलं असतं तर आत्याला सोसलं असतं. त्या नुसत्या थांबल्या होत्या, भट्टी निवायची वाट बघावी तशा.

नळी दोघींकडे आळीपाळीने बघत होती. तिला कागद दिसला होता आणि ट्रेसुद्धा दिसला होता. ती काही विचारत नव्हती. ज्या मुलीने जन्मभर ‘काय झालं’ विचारलं, तिने ते आत्ता विचारू नये, याची आत्याला एकदम भयंकर लाज वाटली. आपलं वय, आपला मान, आपण केलेलं सगळं त्या ट्रेखाली दडपून बसलोय असं तिला वाटलं. आणखी एक घोट चहा प्यायली असती तर कदाचित ती कायमचीच गप्प बसली असती.

तिने ट्रे उचलला.

“मी खोटं बोलले,” ती म्हणाली. “आत्ता. आणि त्या दिवशीही.”

“कोणत्या दिवशी?”

“वाचते. मधे बोलू नकोस. एकदा थांबले तर पुढे वाचवणार नाही माझ्याने.”

तिने चष्मा लावला. आवाज चिरका निघाला.

“पहिला प्रश्न. स्वतः केलेला एखादा प्रयोग सांग. नळीने हातांनी सांगितलं: आमच्या कारखान्यात काही फ्लास्क बनवल्यावर आठ-दहा दिवसांनी आपोआप तडकायचे. मी प्रत्येक फ्लास्कवर तो भट्टीत कुठे ठेवला होता त्याचा आकडा घातला. मग ताणाच्या पेटीत धरून बघितलं. काच नीट निवली नाही की तिच्यात ताण राहतो, आणि पेटीत तो रंगांच्या पट्ट्यांसारखा दिसतो. चार महिने लिहून ठेवलं. रंग दिसणारे बहुतेक फ्लास्क मागच्या डाव्या कोपऱ्यातले होते. तिथली वीट फुटली होती, तो कोपरा लवकर थंड व्हायचा. काकांनी वीट बदलली. तडकणं जवळजवळ थांबलं.”

धाकट्याचा कप बशीवर वाजला. गेलं वर्षभर तो येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता की भट्टीच्या दाराची पट्टी बदलायची शक्कल त्याची, आणि तेव्हापासून माल तडकत नाही. त्याने दादांकडे बघितलं. दादांना शब्द ऐकू आले नव्हते, पण आत्याचं बोट कागदावर आणि नळीची नजर भट्टीच्या कोपऱ्याकडे, एवढ्यावरून त्यांनी ताडलं. त्यांनी विटेएवढं माप हवेत धरलं, नळीकडे बोट केलं, आणि धाकट्याच्या तोंडाचा झालेला आ बघून पोट धरून हसले.

“आणि तुम्ही काय सांगितलंत?” भावजयीने विचारलं.

आत्याने उजव्या रकान्यावर बोट ठेवलं. “तिला रंगीत काचा बघायला आवडतात.”

भावजयीने हातातली बशी खाली ठेवली.

“मला रंग कळलं, काच कळलं, बघणं कळलं. मधलं गेलं,” आत्या म्हणाली. “तिचे हात आता भराभर चालतात. शाळेतली भाषा आहे ती, सगळी माझ्या खुणांची नाही. दोन-तीन वर्षं झाली. आधी एखादा शब्द निसटायचा, मग वाक्यं निसटायला लागली. मी मान हलवायची. नंतर अंदाजाने जुळवून सांगायची. तुम्हाला काय, तुम्ही मी सांगेन ते धरून चालायचा.”

“दुभाषी मागता आला असता ना? फॉर्मवर होतं की काहीतरी,” धाकटा म्हणाला.

“फॉर्म मीच भरला. ‘दुभाषी हवा का?’ तिथे लिहिलं, ‘नको, घरची आहे.’”

“पुढचं वाचा,” भावजय म्हणाली. तिचा आवाज इतका थंड आत्याने कधी ऐकला नव्हता.

“दुसरा. प्रयोगशाळेत धोक्याची घंटा वाजली तर काय करशील? हातांनी: घंटेला जोडून दिवा लावा, असं मी पहिल्याच दिवशी सांगेन. आमच्याकडे काकांच्या डोक्यावर आहे. गॅस आधी बंद करायचा, मग बाहेर. आवाजात: ती घाबरून जाईल, पण मी सोबत असेन.”

“आणि म्हणे घरापासून दूर राहायची तयारी नाही!” धाकटा उसळला. “अगं ताई, माझ्या मुलीच्या ताटातलं तू—”

“तुम्ही गप्प बसा,” भावजय म्हणाली. “टेबल कोणी आणलं? ताईंनी? आठ दिवस मुलगी जेवत नव्हती आणि तुम्ही फळीची मापं घेत होतात.” मग ती आत्याकडे वळली. “ताई, बारा वर्षांपूर्वी मी वर्गाला निघाले होते. चपला घातल्या होत्या मी.”

“माहीत आहे गं.”

“माझ्याच मुलीला मला जेवलीस का, झोपलीस का एवढंच विचारता येतं. त्यापुढे मला येतच नाही. मला वाटायचं, निदान तुम्हाला तरी येतं.”

आत्याने पुन्हा कागदाकडे बघितलं. अजून एक ओळ उरली होती, आणि ट्रेखाली घडी सरकवली होती ती खरं तर या ओळीपायी. काचा आणि घंटा एक वेळ चूक म्हणून खपल्या असत्या.

“तिसरा,” ती म्हणाली. “आणखी काही सांगायचंय का? आवाजात: आत्याशिवाय माझं पान हलत नाही.” तिने चष्मा काढला. “हे मला अगदी खरं वाटलं होतं हं. तिने माझ्याकडे हात केला, हसली, मला वाटलं माझं कौतुकच करतेय. मीही हसले.”

“आणि हातांनी?”

आत्याने कागद भावजयीपुढे धरला. तिच्याने ते वाचवेना. भावजयीने वाचलं, आधी मनात आणि मग मोठ्याने: “‘माझी आत्या फार चांगली आहे, पण माझं बोलणं आता तिला सगळं समजत नाही. तिला वाईट वाटेल म्हणून मी घरी म्हणत नाही. मेहरबानी करून मला प्रश्न लिहून विचारा.’”

आत्या उठली. नळीपुढे जाऊन उभी राहिली. हात वर केले, पण नेहमी भराभर चालणारे हात जड झाले होते. तिने आपल्या छातीकडे बोट केलं. चूक. तुझं, मी, खोटं. मग तिला पुढचं सुचेना, म्हणून तिने नळीचे दोन्ही हात हातात घेतले.

नळीने ते हळूच सोडवून घेतले. हात धरले तर बोलायचं कशाने, हे आत्याला एवढ्या वर्षांत कळायला हवं होतं.

नळी बोलली ती सावकाश, लहानपणीच्या खुणांनी, एकेक खूण सुटी करून. आत्याला त्यातली प्रत्येक कळली.

मला माहीत होतं. दोन वर्षांपासून. तुझी मान लवकर हलते, माझं संपायच्या आधी.

मग: तुझ्याशी मी लहान शब्द बोलते. घरात सगळ्यांशी लहान. त्या दिवशी लहान शब्द पुरले नसते.

रागावली असतीस तर बरं झालं असतं, असं आत्याला सांगायचं होतं. त्याला खूण सापडली नाही. सोळा वर्षांची पोर दोन वर्षं आपल्याला सांभाळून घेत होती आणि आपण तिला सांभाळतो म्हणून गावभर मिरवत होतो! ती टेबलाचा आधार घेऊन उभी राहिली. नळीने तिला खुर्ची पुढे केली. तेवढी मात्र केली. गळ्यात पडली नाही, डोळे पुसले नाहीत.

बाईंनी धाकट्यापुढे सहीचा कागद ठेवला. धाकट्याने पेन घेतलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं.

“जमेल का तिला?” त्याने विचारलं. सवयीने आत्यालाच विचारलं, मग चूक उमगून बायकोकडे बघितलं. शेवटी त्याने आपल्याच मुलीकडे बघितलं, आणि तिला विचारायचं तर कसं, हे या पन्नाशीच्या गृहस्थाला माहीत नव्हतं. त्याने सहीच्या जागेवर बोट ठेवलं आणि तिच्याकडे बघून भुवया उंचावल्या. नळीने मान हलवली, एकदाच. त्याने सही केली.

मग बाईंनी नव्या टेबलावर दोन्ही तळवे टेकून त्याची मजबुती बघितली, आणि नळीला बोलावलं. सही झाली तरी त्यांना मुलाखत हवी होती. खरी. नळी पळत जाऊन ताणाची पेटी घेऊन आली, आणि फळीवरून जुना, तडकलेला एक फ्लास्क. दादांनी मागे दिवा लावला. काचेच्या मानेपाशी निळे-पिवळे पट्टे उमटले. बाई पुढे वाकल्या, त्यांनी काहीतरी विचारलं, आणि नळीचे हात सुटले.

असे हात घरातल्या कोणीही पाहिले नव्हते. ती मधेच थांबून आठवत होती, खोडत होती, पुन्हा सांगत होती, बाईंशी वाद घालत होती. एका ठिकाणी बाईंनी मान जोरात नकारार्थी हलवली, आणि नळी गप्प न बसता वहीच घेऊन आली आणि एका पानावर बोट आपटलं. बाईंनी ते पान दोनदा वाचलं. दादा दोघींच्या मधे तोंड घालून उभे होते. त्यांनाही निम्मंच कळत असावं, पण त्याची त्यांना मुळीच लाज नव्हती. कळलं नाही की ते सरळ नळीच्या मनगटावर टिचकी मारत आणि नळी त्यांना पुन्हा सांगे.

टेबलाच्या अलीकडे तिघं ऐकू येणारी माणसं गार चहा घेऊन बसली होती. बाई एकदम हसल्या, नळी हसली, दादा तर पार वाकले.

“काय झालं?” धाकट्याने विचारलं. “ताई, काय म्हणतेय ती?”

भावजयीनेही बघितलं. इतकं सगळं होऊनही दोघं आत्याकडेच बघत होती. एखादी गोष्ट जुळवून सांगणं आत्ताही अवघड नव्हतं. वही, फ्लास्क, हसणं. तीन शब्दांत काहीतरी सहज झालं असतं.

“मला कळत नाहीये,” आत्या म्हणाली.

एवढं बोलायला तिला किती वर्षं लागली! मग तिने हात उंच करून हलवला, नळीचं लक्ष वेधलं, आणि भुवया उंचावून विचारलं, जसं नळीने जेवणाच्या टेबलावर हजारदा विचारलं असेल तसं: काय झालं?

नळीने क्षणभर तिच्याकडे बघितलं. बाईंचं काहीतरी अर्धवट राहिलं होतं, त्यांचे हात पुन्हा चालू झाले होते, आणि त्यातलं काही सुटू नये म्हणून नळीने मान तिकडे वळवली. वळता वळता तिने तळहात खांद्यावरून मागे टाकला.

ही खूण मात्र आत्याला पुरती कळली. ती तिनेच शिकवली होती.